नागपूरच्या हवामानात देवचाफा: लागवडीपासून बहरापर्यंत

नागपुरात दगावलेल्या चाफ्यांची चौकशी केली, तर केवळ उन्हाने गेलेले झाड क्वचितच सापडते. बहुतेक झाडे नको त्या वेळी मिळालेल्या पाण्याने मुळाशी कुजून गेलेली असतात. नव्याने बाग करणाऱ्याला हे सहज पटत नाही. मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या पुढे मुक्काम ठोकतो, २३ मे २०१३ रोजी तो ४७.९ अंशांवर गेला होता, आणि अशा शहरात झाडाला जपायचे म्हणजे त्याला पाणी घालत राहायचे, ही सवय सगळ्यांच्याच अंगवळणी पडलेली असते. चाफ्यासाठी ही सवय ऋतूप्रमाणे बदलावी लागते. ती कधी आणि कशी बदलायची, हे पुढे क्रमाने दिले आहे.

येथे चाफा म्हणजे देवळांच्या आवारात दिसणारा, जाड फांद्यांचा, तोडताच पांढरा चीक येणारा देवचाफा किंवा खुरचाफा, अर्थात प्लुमेरिया. सोनचाफा आणि कवठी चाफा ही वेगळ्या कुळातली झाडे असून त्यांना जमिनीत सतत ओल लागते, म्हणून येथील पाण्याचे वेळापत्रक त्यांना लावू नये.

आधी झाडाचा स्वभाव

प्लुमेरिया मूळचा मेक्सिको, मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटांचा. त्या उष्ण प्रदेशात वर्षाचे पावसाळी आणि कोरडे असे दोन स्पष्ट भाग पडतात. पावसाळ्यात वाढायचे, कोरड्या महिन्यांत पाने टाकून द्यायची आणि मांसल फांद्यांत साठवलेल्या पाण्यावर तग धरायचा, असा या झाडाचा जीवनक्रम आहे. नागपुरातही साधारण ११०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच येतो, त्यामुळे ऋतूंचा हा ठेका चाफ्याला येथे ओळखीचा वाटावा असाच आहे. फरक दोन गोष्टींत पडतो. आपला उन्हाळा त्याच्या मूळ प्रदेशापेक्षा जास्त कोरडा आणि कडक असतो, आणि आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात पाणी धरून बसते.

बहराच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच समजून घेतली पाहिजे. चाफ्याचा फुलोरा फांदीच्या टोकालाच येतो, मधून कोठूनही येत नाही. एका टोकाला फुलोरा आला की त्याच्या खालून सहसा दोन किंवा तीन नव्या फांद्या फुटतात, त्या पुरेशा वाढून पक्व झाल्या की त्यांच्या टोकांना पुढचे फुलोरे येतात. याचा अर्थ असा की झाडावर जितकी निरोगी टोके, तितकीच फुलोऱ्यांची शक्यता. आणि हिवाळ्यातल्या गारठ्याने, गारपिटीने किंवा कात्रीने टोक गेले, की त्या फांदीचा त्या वर्षीचा बहर गेला. हवामानापासून काय जपायचे, असे कोणी विचारले तर उत्तर टोके आणि मुळे एवढेच आहे. पानांची फारशी काळजी करण्याचे कारण नाही.

पहिली पायरी: जातीची निवड

नर्सरीत साधारण तीन प्रकार मिळतात. पहिला प्लुमेरिया रुब्रा, ज्याची पाने टोकदार असतात आणि फुले पांढरी-पिवळी, गुलाबी, लाल अशा अनेक रंगांत येतात. हा हिवाळ्यात पूर्ण पानगळ करतो आणि सुगंधात सगळ्यांत सरस असतो. दुसरा प्लुमेरिया ऑब्ट्युसा, ज्याला बाजारात सिंगापुरी चाफा म्हणतात. त्याची पाने गडद हिरवी, तकतकीत आणि टोकाला गोलसर असतात, फुले पांढरी असतात, आणि नागपूरच्या हिवाळ्यातही त्याच्या अंगावर बरीचशी पाने टिकून राहतात. तिसरा प्लुमेरिया पुडिका, ज्याची पाने नागाच्या फण्यासारखी वरच्या बाजूला पसरट असतात आणि ज्याला अनेक नर्सरीवाले नागचंपा म्हणून विकतात. तो भराभर वाढतो आणि वर्षाचा मोठा काळ फुलतो, पण त्याला सुगंध जवळजवळ नसतो.

ज्याला पहिल्याच प्रयत्नात यश हवे आहे त्याने पुडिका घ्यावा, हा सल्ला मी देतो खरा, पण तो मनापासून देत नाही. संध्याकाळी ज्याच्या वासाने अंगण भरते तो रुब्रा, आणि नागपूरच्या उन्हाळ्याशी त्याचे चांगले जमते. मोठी पिशवी आणि हिरवीगार पाने पाहून रोप घेऊ नये. खोड अंगठ्याने दाबून पाहावे. ते टणक लागले पाहिजे. बुंध्याशी काळपट, मऊ डाग असेल तर ते रोप कितीही स्वस्त मिळत असले तरी तेथेच सोडावे.

दुसरी पायरी: जागा

चाफ्याला दिवसातून किमान सहा तास थेट ऊन लागते. तीन-चार तास ऊन येणाऱ्या फ्लॅटच्या बाल्कनीत झाड जगेल आणि पानेही छान येतील, पण फुलांची आशा फारशी धरू नये. अंगणात निवड करायला वाव असेल तर पूर्वेची किंवा आग्नेयेची जागा उत्तम, कारण तेथे सकाळपासून दुपारी एक-दोन वाजेपर्यंतचे ऊन मिळते आणि एप्रिल-मे मधली तिसऱ्या प्रहराची होरपळ टळते. पश्चिमेच्या सिमेंटच्या भिंतीला लागून लहान रोप लावणे टाळावे. ती भिंत सूर्य मावळल्यावरही कितीतरी वेळ उष्णता बाहेर टाकत राहते.

गच्चीवरच्या कुंड्यांचा प्रश्न निराळा आहे. जमिनीतल्या झाडाची मुळे उन्हाळ्यात तुलनेने गार राहतात, तर कुंडीतली मुळे बाजूने आणि खालून भाजतात. काळ्या प्लास्टिकच्या कुंडीला दुपारी हात लावून पाहिला, की मुळांची काय अवस्था होत असेल ते लगेच कळते. म्हणून मातीची कुंडी घ्यावी, ती थेट स्लॅबवर न ठेवता दोन विटांवर ठेवावी, आणि एप्रिलपासून पावसाला सुरुवात होईपर्यंत कुंड्या एकमेकींच्या जवळ आणून त्यांच्या बाजूंवर सावली पडेल अशी रचना करावी. झाडाला ऊन आणि कुंडीला सावली, हे साधले पाहिजे. कठड्यावर मात्र कुंडी ठेवू नये, कारण मान्सूनपूर्व वादळात शेंड्याकडे जड असलेली चाफ्याची कुंडी सहज कलंडते आणि खाली कोणी असले तर अनर्थ होतो.

तिसरी पायरी: माती

सगळ्या कामात ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. नागपूर परिसरातली काळी माती पावसात फुगते आणि चिकट होते, उन्हाळ्यात आक्रसते आणि तिला भेगा पडतात. कपाशीला ती मानवते, चाफ्याला मानवत नाही. जुलैमध्ये आठ-दहा दिवस झड लागली, की या मातीतली हवा निघून जाते, मुळांना प्राणवायू मिळत नाही आणि बुरशीला रान मोकळे होते. सेमिनरी हिल्ससारख्या उंच, मुरमाड भागात राहणाऱ्यांना याचा त्रास कमी होतो. सखल वस्तीतल्या अंगणांत तो हमखास होतो.

यावर उपाय म्हणून अनेकजण काळ्या मातीत खोल खड्डा करून त्यात रेती आणि खत भरतात. हा उपाय उलटा बसतो, कारण खड्ड्याच्या भिंती आणि तळ चिकण मातीचेच राहतात. आजूबाजूचे पाणी सैल भरावात उतरते, बाहेर पडायला वाट नसते, आणि खड्ड्याचे टाके होते. त्याऐवजी जमिनीच्या वर काम करावे. निवडलेल्या जागी दीड ते दोन फूट उंच आणि किमान चार फूट रुंद असा उंचवटा करावा. त्यासाठी मुरूम, जाड रेती आणि बागेची माती सारख्या प्रमाणात मिसळावी, त्यात घमेलाभर चांगले कुजलेले शेणखत घालावे आणि झाड या उंचवट्याच्या माथ्यावर लावावे. भोवती आळे करू नये. आळ्याचा उपयोग फक्त उन्हाळ्यात असतो, आणि तेव्हा तात्पुरते करून मृगाच्या आधी ते मोडता येते.

कुंडीसाठी एक भाग माती, एक भाग जाड रेती आणि एक भाग गांडूळखत किंवा शेणखत पुरते. रेती बांधकामाची चालते, मात्र चाळून त्यातली बारीक माती काढून टाकावी. तळाच्या छिद्रांवर खापराचे तुकडे ठेवावेत. कोकोपीट पाणी धरून ठेवते, त्यामुळे पावसाळ्यात उघड्यावर राहणाऱ्या चाफ्याच्या कुंडीत ते घालू नये. पहिल्या वर्षी बारा इंची कुंडी पुरेशी आहे. लहान रोपाला मोठी कुंडी दिली, की मुळे न पोहोचलेली माती ओलीच राहते आणि कुज तेथूनच सुरू होते.

चौथी पायरी: छाट कलम

शेजाऱ्याकडे चांगला चाफा असेल तर रोप विकत घेण्याची गरज नाही. महाशिवरात्रीपासून होळीपर्यंतचा काळ नागपुरात यासाठी सर्वांत अनुकूल ठरतो, कारण थंडी ओसरलेली असते, हवा कोरडी असते, झाड जागे होण्याच्या बेतात असते आणि पाऊस येण्यापूर्वी मुळे धरायला तीन महिने हातात असतात. जुलैत लावलेली चाफ्याची फांदी कधी कधी जगते, पण त्यात नशिबाचा भाग मोठा असतो.

फांदी एक ते दीड फूट लांबीची, हिरवी न राहता करड्या रंगाची झालेली आणि बोटभर किंवा त्याहून जाड अशी घ्यावी. धारदार, पुसून घेतलेल्या चाकूने ती कापावी. कापताच चीक वाहू लागतो. तो त्वचेला झोंबतो आणि डोळ्यांना अपायकारक असतो, म्हणून हातमोजे घालावेत, मुलांना आणि पाळीव प्राण्यांना दूर ठेवावे आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत. फांदीवर पाने असतील तर ती काढून टाकावीत. नंतर फांदी सावलीत, हवेशीर जागी, कोरडी ठेवून द्यावी. नवखा माणूस येथेच घाई करतो. कापलेला भाग सुकून त्यावर कडक, फिकट कवच आले पाहिजे, आणि त्याला आठवडा ते दोन आठवडे लागतात. या काळात फांदीला किंचित सुरकुत्या पडल्या तरी बिघडत नाही.

कवच धरले की फांदी तीन-चार इंच खोल रोवावी, काठीचा आधार देऊन हलणार नाही अशी बांधावी, एकदा पाणी द्यावे आणि मग टोकाला पालवी दिसेपर्यंत हात आखडता घ्यावा. मुळेच नसलेली फांदी पाणी घेणार कशी? माती अगदीच भुकटी झाली तर पेलाभर पाणी पुरे. मुळे धरायला दीड ते दोन महिने लागतात. अधूनमधून बुंध्याशी अंगठ्याने दाबून पाहावे: टणक असेल तर सारे ठीक आहे, आणि बोट आत जात असेल, दाबल्यावर तपकिरी पाणी येत असेल, तर कुज लागली आहे. अशा वेळी फांदी उपटून, कुजलेल्या टोकापासून वरच्या दिशेने, आतला गर पूर्ण पांढरा दिसेपर्यंत काप घेत जावे आणि उरलेला तुकडा पुन्हा वाळवून लावावा.

मोठ्या झाडाची फांदी दाट सावलीतून काढली असेल तर तिची साल उन्हाला सरावलेली नसते. पहिल्या उन्हाळ्यात खोडाच्या नैर्ऋत्य बाजूला पाण्यात कालवलेला पांढरा चुना लावावा, म्हणजे ती बाजू भाजून फाटणार नाही.

पाचवी पायरी: वर्षभराची निगा

होळीच्या आसपास टोके फुगू लागतात. त्यातून बाहेर येणारा कोंब निमुळता असेल तर ती पाने असतात, आणि गाठीगाठींचा, बोथट पुंजका दिसला तर तो फुलोरा असतो. ही खूण एकदा नीट पाहून ठेवावी. रुब्राला अनेकदा पाने येण्याआधीच किंवा पानांबरोबरच फुले दिसू लागतात. या टप्प्यावर पाणी सुरू करावे, पण हळूहळू: आधी आठवड्यातून एकदा, पाने हाताएवढी झाली की दोनदा. फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भात गारपीट होते आणि गारांनी फांद्यांना जखमा होतात. संत्र्याचे बागाईतदार खोडाला लावतात तेच बोर्डो मलम अशा जखमांना लावावे. शंभर ग्रॅम मोरचूद आणि शंभर ग्रॅम चुना वेगवेगळ्या पाण्यात भिजवून, दोन्ही मिळून पाणी एक लिटर होईल असे प्लास्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यात एकत्र केले की ते तयार होते. लोखंडी भांडे वापरू नये.

एप्रिल आणि मे हा बहराचाही काळ आहे आणि ताणाचाही. दुपारी हवेतली आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास उतरते, उन्हाच्या झळा सुरू होतात आणि नवतपात, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत कडक नऊ दिवसांत, फुलोऱ्यावरच्या कळ्या उमलण्याआधीच वाळून गळू लागतात. लालसर फुलांचा रंगही या दिवसांत फिका पडतो. हे आजाराचे लक्षण नाही. कुंडीतल्या झाडाला या काळात सकाळी लवकर, तळातून पाणी निघेपर्यंत पोटभर पाणी द्यावे. रोज पाणी लागतेच असे नाही, वरची दोन इंच माती कोरडी झाली की नाही ते बोटाने पाहून ठरवावे. जमिनीतल्या वाढलेल्या झाडाला आठवड्यातून एकदा खोलवर पाणी पुरते. भर दुपारी तापलेल्या नळाचे पाणी देऊ नये. मातीवर वाळलेल्या पानांचे आच्छादन घालावे, मात्र ते खोडाला चिकटू देऊ नये. वर हिरवी जाळी बांधायची असेल तर फक्त पहिल्या वर्षाच्या रोपांसाठी आणि विरळ विणीची बांधावी.

येथे कूलरच्या पाण्याविषयी सांगणे भाग आहे. कूलरची टाकी रिकामी करताना उरलेले पाणी कुंड्यांत ओतण्याची पद्धत आपल्याकडे घरोघरी आहे. पाण्याची वाफ होऊन क्षार टाकीतच मागे राहतात, त्यामुळे ते पाणी मूळ पाण्यापेक्षा कितीतरी जड झालेले असते, आणि बोअरचे पाणी कूलरमध्ये भरले असेल तर विचारायलाच नको. पानांच्या कडा तपकिरी होऊन करपू लागल्या आणि मातीवर पांढरा थर दिसू लागला, की हे पाणी बंद करून कुंडी साध्या पाण्याने दोन-तीनदा भरपूर धुऊन काढावी.

कोरड्या उन्हाळ्यात पानांमागे लाल कोळी आणि सांध्यांत पिठ्या ढेकूण येतात. पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या खालच्या बाजूने मारला तर बहुतेक वेळा तेवढ्यानेच काम भागते.

मृगाचा पाऊस पडला की झाडाची वाढ झपाट्याने होते आणि मालकाची जबाबदारी उलटी होते: आता पाणी काढून द्यायचे असते. उन्हाळ्यातले आळे मोडावे, कुंडीखालच्या थाळ्या काढून ठेवाव्यात, तळाची छिद्रे काडीने मोकळी करावीत. सतत झड लागली तर कुंडी थोडी तिरपी करून ठेवली तरी फायदा होतो. ढगाळ आठवड्यांत नवे फुलोरे कमी दिसतात आणि उघडीप मिळाली की पुन्हा येतात. जुलैअखेरपासून पानांवर पिवळे ठिपके दिसले तर पान उलटून पाहावे. मागे केशरी भुकटी असेल आणि ती बोटाला लागत असेल तर तो तांबेरा आहे, एका बुरशीचा रोग. त्याने झाड मरत नाही, पण पाने अकाली गळतात. रोगट पाने गोळा करून घराबाहेर टाकावीत, कंपोस्टच्या ढिगात टाकू नयेत, आणि झाडांमध्ये वारा खेळेल एवढे अंतर ठेवावे.

खतांचे फार स्तोम माजवू नये. मार्चमध्ये दोन मुठी शेणखत आणि मूठभर हाडांचे खत, जून आणि जुलैमध्ये थोडी निंबोळी पेंड, एवढे कुंडीला पुरते. युरिया अजिबात नको, कारण नत्र जास्त झाले की पानेच पाने येतात. पोळ्यानंतर खत देऊ नये. त्यामुळे येणारी कोवळी वाढ थंडीपर्यंत पक्व होत नाही आणि तीच टोके आधी काळी पडतात.

ऑक्टोबरच्या उन्हात पुन्हा थोडी फुले येतात आणि तेवढ्यापुरते पाणी लागते. दिवाळीनंतर दिवस लहान होतात, रात्री गार होऊ लागतात, पाने पिवळी पडून गळू लागतात, आणि या क्षणी घरोघरी चूक होते. झाड वाळते आहे असे समजून पाणी वाढवले जाते. वास्तविक पाने नसल्यामुळे झाडाचे पाणी खर्च होणे जवळपास थांबलेले असते, मुळे निष्क्रिय असतात, आणि गार, ओल्या मातीत ती कुजतात. पानगळ सुरू झाली की पाणी कमी करत न्यावे, आणि डिसेंबर-जानेवारीत कुंडीतल्या रुब्राला तीन-चार आठवड्यांतून एकदा पेलाभर पाणी द्यावे. जमिनीतल्या झाडाला तेही नको. सिंगापुरी चाफ्याची पाने टिकून असतील तर त्याला दहा-बारा दिवसांनी थोडे पाणी लागते.

नागपूरचे हिवाळ्यातले किमान तापमान सरासरी १२-१३ अंश असते, आणि एवढी थंडी कोरड्या झाडाला मुळीच बाधत नाही. मधूनच मोठी लाट येते. २९ डिसेंबर २०१८ रोजी पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. उत्तरेचे वारे सुरू होऊन पारा ७-८ अंशांखाली जाण्याचा अंदाज असेल तर कुंड्या भिंतीलगत, दक्षिणेच्या बाजूला आणाव्यात आणि लहान झाडांच्या टोकांवर रात्रीपुरते जुने सुती कापड किंवा वर्तमानपत्र गुंडाळावे. प्लास्टिक गुंडाळू नये, त्याखाली दव साचते. टोके काळी पडलीच तर ती लगेच छाटू नयेत. फेब्रुवारीत, गर कोठपर्यंत पांढरा आहे ते पाहून छाटावीत.

दुसऱ्या उन्हाळ्यातही फुले आली नाहीत तर

पक्व फांदीपासून केलेले कलम साधारण एक ते दोन वर्षांत फुलते, बियांपासूनच्या रोपाला तीन किंवा अधिक वर्षे लागतात आणि त्याची फुले मूळ झाडासारखीच निघतील असेही नाही. म्हणून रोप कशापासून केले आहे ते नर्सरीत आधीच विचारून घ्यावे. वय पुरेसे असूनही फुले नसतील तर प्रथम ऊन मोजावे: सुटीच्या दिवशी सकाळपासून तासातासाने पाहून झाडावर प्रत्यक्ष ऊन किती वेळ असते ते लिहून काढावे, कारण अंदाज बहुतेकदा जास्तीचा निघतो. शेजारी नवा मजला चढला असेल किंवा आंब्याची फांदी वर आली असेल, तर कारण तेथेच सापडते.

ऊन पुरेसे असेल तर छाटणीचा विचार करावा. झाड आटोपशीर दिसावे म्हणून दरवर्षी पावसाळ्यापूर्वी शेंडे कापले जातात आणि त्याबरोबर त्या वर्षीचे फुलोरेही जातात. छाटणी आवश्यकच असेल तर ती फेब्रुवारीत, एका वेळी झाडाच्या एक तृतीयांश फांद्यांपुरतीच करावी. कापलेल्या ठिकाणी दोन-तीन फुटवे येतील, ते बहुधा पुढच्या उन्हाळ्यात फुलतील, आणि तोपर्यंत न छाटलेल्या फांद्यांवर फुले मिळत राहतील.